आपोआप चढलेले व्होल्ट

सकाळी सहा वाजता रोवेनाने गाडीमागे ओढून न्यायच्या कॅरॅव्हानला घरातून येणारी वायर स्वतःच्या हाताने काढली, घडीचं सोलर पॅनेल उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं आणि कॅरॅव्हानमधला फ्रिज चालू केला. फ्रिज घुरघुरला. दाराच्या आत लावलेल्या छोट्या मीटरवर आकडा उमटला, बारा पॉइंट सात व्होल्ट. तिने तो वहीत वेळेसकट लिहिला.

"झाली का परीक्षा सुरू?" मागून सासऱ्यांचा आवाज आला. पा कॉफीचा मग घेऊन उघड्या पायांनी अंगणात उभे होते. "कामावर मनुके दाबून बघता बघता आता बॅटरी दाबायला लागलीस."

"पांनी एवढं बसवून दिलंय, तर चालवून बघायला काय हरकत आहे?" रोवेना म्हणाली. तिच्या सासरी, जूलीसांच्या घरात, वडीलधाऱ्यांशी असंच बोलत, समोर बसले असले तरी कुणा तिसऱ्याबद्दल बोलावं तसं. त्यात एक सोय होती. कठीण प्रश्नही थेट अंगावर जात नसे.

"बघ की. डीप सायकल आहे ती. गाडीतली साधीसुधी नाही, तासन्‌तास चालणारी." पांनी मगाने कॅरॅव्हानच्या पुढच्या टोकाकडे खूण केली. तिथे त्यांनी स्वतः वेल्डिंग करून बॅटरीसाठी लोखंडी खण बनवला होता, हिरवा रंग देऊन. बॅटरी त्यांचीच, घरच्या इन्व्हर्टरची. लोडशेडिंग संपल्यापासून ती गॅरेजात नुसती बसून होती. नवी कशाला घ्यायची, म्हणून त्यांनी ती नातीच्या फ्रिजसाठी दिली होती, आणि दिलेली वस्तू तपासून घ्यायची पद्धत त्यांच्या अपिंग्टन गावात कुणाच्याच घरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. उत्तरेला, बोट्स्वानाच्या बाजूच्या अभयारण्यातल्या वाळूत, सहा रात्री. पा गेली चाळीस वर्षं दर वसंतात, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या सप्टेंबरात, जात होते. आधी बायकोला घेऊन, मग मुलाला, मग सुनेला. तिथल्या मुक्कामाच्या तळावर एक नळ, एक झाड आणि सावलीपुरतं छप्पर, एवढंच. वीज नाही. सप्टेंबर सरता सरता दुपारी पत्र्यावर हात ठेववत नाही. आजवर फ्रिज बंद पडला तर फार तर मटण वाया जायचं.

पण या मार्चमध्ये नातीला, केझियाला, मधुमेह निघाला होता. पाच वर्षांची पोर. दवाखान्यातल्या सिस्टरने बजावून सांगितलं होतं की वापरातलं इन्सुलिनचं पेन ओल्या पिशवीत चालेल, बाकी सगळा साठा मात्र थंडच राहिला पाहिजे. आणि जाता जाता ती अजून एक बोलली होती, ते रोवेनाच्या डोक्यातून काही केल्या उतरत नव्हतं. उन्हाने बिघडलेलं इन्सुलिन बहुतेकदा चांगल्यासारखंच दिसतं. पाण्यासारखं स्वच्छ. टोचल्यावर साखर उतरली नाही की मगच कळतं. आणि त्या तळापासून दवाखाना म्हणजे वाळूतून अख्ख्या दिवसाची वाट.

रोवेनाचा हिशोब सोपा होता. धड बॅटरी असेल तर सहा तास फ्रिज ओढूनही दुपारी बारा वाजता आकडा बारा पॉइंट तीनच्या वरच राहील. त्याच्या खाली गेला तर नवी आणायची. आज शनिवार, बॅटरीचं दुकान एकला बंद होणार आणि सोमवारशिवाय उघडणार नाही. म्हणजे बारा ते एक, एवढाच तास हातात होता.

सात वाजता आकडा बारा पॉइंट पाच. आठला बारा पॉइंट चार.

नऊला बारा पॉइंट दोन.

तिने वहीत लिहिलं आणि पेन्सिल तशीच टेकवून ठेवली. तिचा नवरा डेनव्हर तंबूच्या काठ्या बक्कीच्या, म्हणजे त्यांच्या पिकअपच्या, हौद्यात रचत होता. त्याने तिच्याकडे न बघताच विचारलं, "किती?"

"बारा पॉइंट दोन. तीन तासांत."

"हळू बोल."

पा दहा पावलांवर द्राक्षांच्या मांडवाखाली खुर्ची टाकून बसले होते. त्यांना ऐकू गेलं असणारच.

"हळू बोलून आकडा वर येणार आहे का?"

"रो, त्यांनी तीन आठवडे खपून तो खण बनवलाय. बारापर्यंत थांब ना. तूच म्हणाली होतीस बारा."

"बॅटरी अजून तापली नाही," पा मांडवाखालून म्हणाले. आवाज शांत होता. "डिझेल इंजिन सकाळी कसं खोकतं? एकदा गरम झालं की मग खरं चालतं."

रोवेनाने वही मिटली. केझियाच्या नाश्त्याची वेळ झाली होती. आत जाऊन तिने लेकीचं बोट टोचलं, साखर बघितली, पेनाचं बटण मोजून फिरवलं आणि पोटाची चिमूट धरून सुई लावली. केझिया मुळीच हलली नाही. तिचं सगळं लक्ष दारातून दिसणाऱ्या कॅरॅव्हानवर होतं.

"मम्मा, उद्या माझं औषध पण सिंह बघणार?"

"ते फ्रिजमध्ये बसणार. त्याला सिंह दिसणार नाही."

"बिचारं," केझिया म्हणाली आणि लापशी खायला लागली.

साडेनऊला रोवेना बाहेर आली तर मीटरवर बारा पॉइंट पाच.

तिने डोळे बारीक करून पुन्हा बघितलं. मधे मधे फ्रिज थांबतो तेव्हा आकडा जरा वर येतो, हे तिला माहीत होतं. पण फ्रिज चालू होता.

"काय आलं?" पांनी विचारलं.

"बारा पॉइंट पाच."

"मी काय सांगत होतो." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. डेनव्हर हसला, मोकळं, सुटल्यासारखं, आणि येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून गेला. ते हसू बघून रोवेनाला वाटलं, असेल बाई. आपल्याला सगळीकडे वाईटच दिसतं. मार्चपासून असंच झालंय. झोपलेल्या पोरीचा श्वास मोजत बसायचं, पावाच्या तुकड्याचं वजन करायचं, घरातल्या म्हाताऱ्याने प्रेमाने दिलेल्या वस्तूवर मीटर लावायचा.

साडेदहाला बारा पॉइंट आठ. तिने लिहिलं आणि सामान भरायला लागली. पीठ, चहा, पाण्याचे कॅन, केझियाच्या कोरड्या फळांच्या मोजून बांधलेल्या पुड्या. पांनी कोळशाच्या पिशव्या स्वतः वाहून आणल्या आणि नको म्हटलं तरी ऐकलं नाही. एकदा तिच्या बाजूने जाताना म्हणाले, "औषधाचा डबा आताच ठेवून टाक आत. पहाटे गडबडीत राहील."

म्हणून पावणेबाराला ती स्वयंपाकघरातल्या फ्रिजमधून निळ्या झाकणाचा डबा काढून अंगण ओलांडत कॅरॅव्हानपाशी आली. दहा पेनं होती आत. दारात पाय ठेवताना सवयीने तिची नजर मीटरवर गेली.

तेरा पॉइंट एक.

डबा हातात धरून ती तिथेच थांबली.

रोवेना मनुक्यांच्या सहकारी संस्थेत प्रयोगशाळेत काम करायची. शेतकऱ्यांनी आणलेल्या मालातला ओलावा मोजायचा, एवढंच काम, पण सात वर्षं. उन्हात वाळत पडलेल्या मनुक्यांचा ओलावा रोज थोडा थोडा उतरतो. कधी एखाद्याच्या मालाचा ओलावा कालच्यापेक्षा आज जास्त यायचा. तेव्हा मीटर बिघडला का म्हणून ती बघत बसायची नाही. वजन वाढावं म्हणून रात्री कुणीतरी मालावर पाणी मारलेलं असायचं. उतरणारी गोष्ट आपोआप चढत नाही.

इथे बॅटरीला ऊन मिळतच नव्हतं, पॅनेल घरात होतं, वायर तिने स्वतः काढली होती आणि फ्रिज सहा तास बॅटरी ओढत होता.

तिने डबा आत ठेवला नाही. आल्या पावली घरात जाऊन तो जुन्या जागी ठेवला, परत आली आणि कॅरॅव्हानच्या पुढच्या टोकाशी गुडघ्यांवर बसली. हिरव्या खणाच्या मागून एक जाड नारिंगी वायर खाली उतरली होती. जमिनीला टेकल्यावर ती दिसत नव्हती, कारण तिच्यावर वाळू लोटलेली होती. रोवेनाने दोन बोटांनी ती उचलली. वाळू भुसभुशीत सांडत गेली आणि वायर पुढे पुढे उघडी पडत गेली, कुंपणाच्या कडेने, पाण्याच्या टाकीच्या मागून, थेट गॅरेजच्या दारापर्यंत. आत बाकावर जुना चार्जर गुणगुणत होता.

तिने सॉकेटचं बटण बंद केलं.

बाहेर येऊन ती डेनव्हरसमोर उभी राहिली. "तू लावलास?"

"काय?"

"चार्जर. वाळूत पुरून. तू लावलास का, एवढंच सांग."

डेनव्हरच्या हातात दोरी होती. त्याने आधी वायरीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तुला खरंच वाटतं मी असं करेन? माझ्या पोरीच्या औषधाशी?"

"हळू बोलायला तूच सांगत होतास."

"हळू बोल म्हणालो. खोटं बोल नाही म्हणालो."

"त्याला विचारू नकोस," मांडवाखालून आवाज आला. पा उठले नव्हते. रिकामा मग दोन्ही हातांत धरून ते जमिनीकडे बघत होते. "तू पोरीला सुई द्यायला आत गेलीस तेव्हा मी लावला."

आतून केझियाचं गाणं ऐकू येत होतं, एकच ओळ परत परत.

"पांना माहीत होतं," रोवेना म्हणाली. "बॅटरी गेलीये हे पांना आधीपासून माहीत होतं."

"हिवाळ्यापासून." त्यांनी घसा साफ केला. "दोन वर्षं रोज संध्याकाळी वीज जायची. तुझ्या सासूला, होती तेव्हा, सातची मालिका चुकलेली चालायची नाही. आम्ही इन्व्हर्टर किंचाळेपर्यंत बघायचो. मला वाटायचं, डीप सायकल म्हणजे तळापर्यंत उपसायची. म्हणून तर जास्तीचे पैसे देतो माणूस. अर्ध्यावर थांबायचं असतं, हे कुणी सांगितलंच नाही."

"ते ठीक आहे. सगळ्या गल्लीने तेच केलं. पण आज?"

"आज ती नापास झाली असती तर तू जाणं रद्द केलं असतंस."

"कदाचित."

"कदाचित नाही. मार्चपासून तू त्या पोरीला नदीवर नेलं नाहीस. मावशीकडे झोपायला पाठवलं नाहीस. यंदा रद्द झालं की कायमचं रद्द. ती खिडकीत बसून मोठी होणार."

यातलं किती खरं होतं ते रोवेनाला माहीत होतं, आणि म्हणूनच तिचा संताप आणखी वर चढला. "आणि तिथे? तिथे पा वायर कुठे पुरणार होते?"

"तिथे मी दर दोन तासांनी बक्की चालू ठेवली असती. रात्रीसुद्धा. बक्कीवरून कॅरॅव्हानला वायर टाकलीये मी. झोप तशीही येत नाही मला."

"आणि मला सांगितलं नसतं."

"नसतं," पा म्हणाले.

डेनव्हरने दोरी हौद्यात फेकली. "बारा वाजून दहा झालेत," तो म्हणाला. "भांडण गाडीत करा."

चौघं बक्कीत बसले. भांडण काही झालं नाही. केझियाने दोनदा विचारलं की सगळे गप्प का, आणि तिसऱ्यांदा आजोबांना म्हणाली, "ओपांनी शू केली का पँटमध्ये? तसं तोंड झालंय." डेनव्हरला हसू आवरताना खोकला आला.

दुकान तानी मर्लचं, म्हणजे सगळ्या गावाच्या मर्लमावशीचं. साठीची बाई, कानामागे पेन्सिल. नवरा गेल्यापासून एकटीच चालवत होती, आणि गिऱ्हाइकाला आधी उलटतपासणीला उभं करायची असा तिचा लौकिक होता. शटर अर्धं खाली आलेलं होतं. त्याखालून वाकून ते आत शिरले.

"तानी, लिथियमची द्या," डेनव्हर म्हणाला. "शेजाऱ्याने घेतलीये. हलकी आहे म्हणतो, आणि जवळजवळ सगळी वापरता येते."

"शेजाऱ्याकडे चार्जर कुठला आहे?"

"ते नाही विचारलं."

"मग तुझं सांग. काय चालवायचंय तिच्यावर?"

"फ्रिज," रोवेना म्हणाली. "आत इन्सुलिन आहे. हिचं."

तानी मर्लने काउंटरवरून वाकून केझियाकडे बघितलं. केझियाने तिच्याकडे. मग तिने पेन्सिल कानामागून काढली आणि तिचा आवाज बदलला. "घरी भरता ती कशाने?"

"जुना चार्जर आहे," पा म्हणाले. "शिशाच्या बॅटरीचा."

"आणि चालत्या गाडीवरून? वायर कुणी टाकली?"

"मी."

"किती जाड, हेंडरिक?"

पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. रोवेना त्यांच्याकडे बघत होती. आता ते म्हणतील, चांगली जाड आहे. सकाळी म्हणाले तसं, डिझेल इंजिनासारखं काहीतरी म्हणतील, आणि आपल्याला परत घरी जाऊन खाली वाकून बघावं लागेल.

पांनी बोटं एकमेकांजवळ आणून दाखवली. "आगपेटीच्या काडीएवढी. घरातल्या दिव्याची वायर उरली होती, तीच टाकली."

"बक्की नवी ना तुमची?"

"दोन वर्षांची."

"मग ऐक. नवी गाडी स्वतःची बॅटरी भरली की हात आखडता घेते. त्यातून तुझी ती काडी, सहा मीटर लांब. मागे काय पोचणार? दिवसभर इंजिन घुरघुरवलंस तरी मागच्या बॅटरीला ओठ ओले करण्यापुरतंसुद्धा मिळायचं नाही."

पा काउंटरचा काठ धरून उभे होते. मग मागे जुन्या बॅटऱ्यांची चवड होती, तिच्यावर ते बसले, हळूच, बघून बघून.

"दर दोन तासांनी," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. "रात्रभर जागलो असतो मी. आणि मला वाटलं असतं भरतेय."

रोवेनाने केझियाचा हात धरला.

"लिथियम मी आज देणार नाही," तानी मर्ल म्हणाली. "तिला तिचा वेगळा चार्जर लागतो, जाड केबल लागते, आणि माझा बसवणारा माणूस मंगळवारी येतो. माल वाईट नाही. पण घाईघाईत तुमच्या त्या काडीला जोडलीत तर ती नुसती वजनाचा दगड. ही बघ." तिने पायाने एक काळी बॅटरी पुढे ढकलली. "शिशाचीच, डीप सायकल, बंद डब्याची. जड आहे. तुमच्या चार्जरला आणि सोलरला चालेल. पण अर्धीच वापरायची. अर्धी म्हणजे अर्धी, हेंडरिक. बारा पॉइंट दोनच्या खाली गेली की समज तिचं आयुष्य कापतोयस."

"पॅनेल दीडशे वॉटचं आहे," रोवेना वही उघडत म्हणाली. "उन्हाच्या दिवसात फ्रिज जेवढं घेतो तेवढं ते जेमतेम परत देईल. जेमतेम. ढग आले तर नाही."

"फ्रिजमध्ये अजून काय असतं?"

"मटण. बिअर. सॉसेज. दही."

"ते कशाला थंड करत बसतेस बॅटरीवर? भरलेला फ्रिज दर वेळी उघडायचा, गरम हवा आत. फक्त औषध ठेव, पाण्याच्या चार बाटल्या गार करून ठेव, झाकण दिवसातून दोनदा उघड. निम्मी वीज वाचेल."

"आणि माझं मटण?" पा चवडीवरून म्हणाले.

"पांचं मटण बर्फाच्या पेटीत," रोवेना म्हणाली. "दोन दिवस टिकेल. मग डबाबंद मासे."

"चाळीस वर्षांत मी वाळवंटात डबाबंद मासे खाल्ले नाहीत."

"मग यंदा खातील."

पांनी मान हलवली. ती होकाराची होती.

एकला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी बॅटरी बक्कीत चढवली. डेनव्हरने एक बाजू धरली, पांनी दुसरी. खणात ती चपखल बसली नाही, बोटभर जागा उरली. पांनी तिथे लाकडाची फळी ठोकली. काडीएवढी वायर त्यांनी स्वतः, कुणी न सांगता, कापून काढली आणि गुंडाळी करून कचऱ्यात टाकली.

दोन वाजता फ्रिज पुन्हा चालू झाला. दुकानात पडून असलेली बॅटरी पुरती भरलेली नसते, हे तानी मर्लने सांगितलं होतं, त्यामुळे वहीत रोवेनाने आकडे जरा खालचे धरले. पाच वाजता बारा पॉइंट पाच यावा, असं तिने लिहिलं आणि पावणेपाचला केझियाला स्वयंपाकघरात टबात अंघोळ घालायला गेली. मुद्दामच गेली. मनातल्या मनात मिनिटं मोजत राहिली.

पाचला पा स्वयंपाकघराच्या दारात आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, टोपी हातात.

"बारा पॉइंट चार," ते म्हणाले.

रोवेनाने टॉवेल खाली ठेवला.

"वहीत बारा पॉइंट पाच आहे, बघितलं मी," पा म्हणाले. "तेवढा नाही आला. चार आलाय."

पाच म्हणून सांगितला असता तरी खपून गेलं असतं, इतका लहान फरक. तिने ओले हात झटकले. मग म्हणाली, "आज रात्रभर चार्जरवर भरू. उद्या थेट वाळूत जायचं नाही. पहिली रात्र अभयारण्याच्या गेटाबाहेरच्या तळावर काढायची, तिथे वीज आहे. पण गरज पडल्याशिवाय आपण ती घ्यायची नाही. बॅटरीवरच राहायचं. परवा सकाळी आकडा बारा पॉइंट तीनच्या वर असेल तर पुढे."

"आणि नसेल तर?"

"तर परत घरी. सगळे. मटणासकट."

पांनी टोपी हातात फिरवली. "तोंडातून एक शब्द काढणार नाही मी."

"शब्द काढला तरी चालेल. आकडा खरा सांगा म्हणजे झालं."

"सांगेन." ते वळले, आणि पुन्हा थांबले. "तू बघून ये. मी रागावणार नाही."

ती बघून येणारच होती. केझियाला डेनव्हरच्या हवाली करून ती अंगणात गेली. ऊन कलंडलं होतं, पण कॅरॅव्हानचा पत्रा अजून भाजत होता. पा मीटरसमोर उपडं खोकं घेऊन बसले होते, आणि मांडीवर त्यांची स्वतःची वही होती, पहिल्या पानावर वेळ आणि आकडे, मेकॅनिकच्या मोठ्या अक्षरात. तिला येताना बघून त्यांनी खोकं थोडं बाजूला सरकवलं, तिला मीटर नीट दिसावा म्हणून.